आमची वाटचाल : मोंढ्याच्या पट्टीपासून डोळ्याच्या पडद्यापर्यंत

आमचं ऑफिस लातूरला गंजगोलाईजवळ एका कापड दुकानाच्या माडीवर आहे. खाली विचारलं तर दुकानातले लोक म्हणतात, "पेनवाल्यांकडं का? वर जावा." हे नाव आम्ही ठेवलेलं नाही, लोकांनी ठेवलं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

२००३ साली मी आणि माझा आतेभाऊ मोंढ्यातल्या अडत्यांना पट्टी काढायचं सॉफ्टवेअर करून द्यायचो. व्हीबी सिक्स या प्रोग्रामिंगच्या भाषेत. हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती किती, एवढा हिशेब. पुढच्या वर्षी एक डोळ्यांचे डॉक्टर जिना चढून आले. काखेत टॅब्लेट पीसी, म्हणजे काचेवर पेनने लिहायचा कॉम्प्युटर. विंडोज एक्सपीची टॅब्लेट आवृत्ती नोव्हेंबर २००२ मध्ये निघाली होती, पण लातुरात आम्ही असलं मशीन पहिल्यांदाच बघत होतो.

"अरे, ह्याच्यावर मला पेशंटच्या डोळ्याच्या पडद्याचं चित्र काढायचंय. कागदावर काढतो तसंच. जमंल का?"

मी म्हणालो, "जमंल की." डॉक्टर गेल्यावर आतेभाऊ म्हणाला, "तुला काय म्हाईत त्यातलं? काय करायलास?" माहीत काहीच नव्हतं. मायक्रोसॉफ्टचा टॅब्लेट पीसी एसडीके, म्हणजे त्यावर प्रोग्राम लिहायचा संच, फुकट होता. तो सायबर कॅफेत उतरवून सीडीवर घेतला आणि सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसलो. डॉक्टरांचं मशीन दिवसभर दवाखान्यात, म्हणून आम्ही साध्या पीसीवर माउसने रेघा ओढून प्रोग्राम तपासायचो. माउसने सगळं झकास चालायचं. मशीन रात्रीपुरतं हाती आलं तेव्हा कळलं की माउसने शिकलेलं अर्धंच असतं. पेन सेकंदाला शंभराहून जास्त वेळा आपली जागा सांगतं, सोबत दाब सांगतं, काचेला न टेकता वर तरंगत असतानाही सांगतं. डॉक्टरांचा हात काचेवर विसावलेला, बटणं नेमकी त्या हाताखाली. उजव्या हाताच्या माणसाला मेनू डावीकडे उघडला पाहिजे, एवढी साधी गोष्ट माउसवर कधीच कळत नाही.

आणि डॉक्टरांची पद्धत निराळीच. इनडायरेक्ट नावाच्या तपासणीच्या यंत्राने पडदा बघताना चित्र उलटं दिसतं. म्हणून ते पेशंट आडवा झोपवून कागद त्याच्या छातीवर उलटा ठेवायचे, घड्याळासारख्या वर्तुळातला बाराचा आकडा पायांकडे, आणि दिसेल तसं काढायचे. कागद सुलट केला की चित्र आपोआप बरोबर. टॅब्लेटही तसाच छातीवर ठेवायचा, मग त्यावरची बटणं त्यांना उलटी दिसायची. आम्ही बटणं तेवढी फिरवली, चित्राला हात लावला नाही. तांबडा रंग धमन्यांना आणि जागेवर असलेल्या पडद्याला, निळा शिरांना आणि सुटलेल्या पडद्याला. फाटलेल्या जागेला निळी कड आणि आत तांबडं. हे रंग त्यांनी मला तोंडपाठ करायला लावले.

पेन हरवायचं फार. त्या पेनला सेल लागत नाही, काचेखालचा पत्राच त्याला वीज पुरवतो, पण पेनच गेलं तर मशीन नुसती पाटी. कंपाउंडर मामांनी करदोड्याच्या काळ्या दोऱ्याने ते मशीनला बांधलं. तो दोरा अजून तसाच आहे. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत आजूबाजूच्या दवाखान्यांतले पीसी बंद पडायचे, तेव्हा आमचे टॅब्लेट बॅटरीवर चालत राहायचे. २००७ संपेपर्यंत अकरा डॉक्टर आमच्याकडे होते: लातूर, उदगीर, नांदेड, परभणी.

मग २००८ आलं.

चूक आमची होती, हे मी आजही लपवत नाही. टॅब्लेट पीसीची शाई, म्हणजे पेनने काढलेल्या रेघा, पिक्सेलमध्ये साठत नाही, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात साठते. आम्ही इंक-ओव्हरले वापरलं होतं, म्हणजे पडद्याच्या छापील वर्तुळावर पारदर्शक काच ठेवून लिहावं तसं. वर्तुळाचं चित्र स्क्रीनच्या मापाने ताणलं जायचं, शाई मात्र होती तेवढीच राहायची. जुन्या मशीनवर दोन्ही तंतोतंत बसायचं. डॉक्टरांनी मोठ्या स्क्रीनचं नवं मशीन घेतलं, जुनी फाइल उघडली, आणि अकराच्या जागचं भोक वर्तुळाबाहेर जाऊन बसलं. डॉक्टरांनी ते लेसर करण्याआधी पाहिलं. नसतं पाहिलं तर, हा विचार आजही रात्री येतो.

आम्ही दुरुस्तीला लागलो होतो. तेवढ्यात पुण्याकडची एक कंपनी जिल्ह्यात उतरली. त्यांनी आमच्याकडचाच एक पोरगा फोडला होता, त्यामुळे कोणती फाइल कोणत्या मशीनवर उघडायची हे त्यांना पाठ होतं. डॉक्टरांच्या बैठकीत प्रोजेक्टरवर आमचं सॉफ्टवेअर लावून दाखवलं. "बघा, तुमच्या पेशंटचा पडदा कुठं गेला." मी त्याच खोलीत मागच्या खुर्चीवर होतो. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काही हलत नव्हतं, कारण ते रेघ ठेवतच नव्हते. काढलं की सगळ्याचा एक जेपेग फोटो. फोटो हलणार कुठून? पण त्या फोटोतून एखादी रेघ पुसता येत नाही, नुसती निळी रेघ काढून सुटलेला पडदा किती वाढला हे मागच्या महिन्याशी ताडता येत नाही. हे मी उभं राहून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. बाहेरगावचा टाय घातलेला माणूस खरा आणि गोलाईतला खोटा, असं आपल्याकडं लगेच ठरतं.

अकरापैकी सात गेले. आतेभावाने हिंजवडीत नोकरी धरली. त्याला मी दोष देत नाही, त्याच्या घरी दोन लहान लेकरं होती. बँकेचे हप्ते थकले. त्या वर्षीची शेतातल्या सोयाबीनची सगळी पट्टी हप्त्यांत गेली.

डॉक्टर मात्र गेले नाहीत. त्यांनी पहिलं वर्षभर कागदावरही चित्रं काढून ठेवली होती, तो गठ्ठा कपाटातून काढला. ओपीडी संपली की रात्री नऊला आम्ही बसायचो. ते कागद वाचायचे, "दीड वाजता, कडेला, एकच भोक," आणि मी फाइल ताडायचो. पडद्याचा मध्य शून्य, कडेपर्यंत हजार, असं नवं माप ठरवलं. प्रत्येक रेघ त्या मापात बदलून साठवायची आणि दाखवताना स्क्रीनप्रमाणे पुन्हा मोठी-लहान करायची. जुन्या फाइलींना किती गुणायचं ते मशीनच्या खरेदीच्या पावत्या बघून काढलं. अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांचे पैसे त्यांनी दिले, वर घरचा डबाही.

नंतरची वर्षं बरी गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं, तेव्हाही त्यांचा वार्षिक कराराचा चेक तारखेला आला.

उद्या कुणी पोरगं पेनचं प्रोग्रामिंग शिकायचं म्हणत असेल तर त्याने आधी महिनाभर स्वतः त्या काचेवर लिहावं. अक्षर ओळखायच्या नादी लागू नये. त्या वेळी टॅब्लेट पीसीत देवनागरी ओळखायची सोय नव्हतीच, आणि डॉक्टरांचं अक्षर त्यांच्या कंपाउंडरलाच वाचता येतं. शाई शाई म्हणूनच ठेवा. अँड्रॉइडवर काम करणार असाल तर पेनने कळवलेला नुसता शेवटचा बिंदू वाचू नका. ते बिंदू गठ्ठ्याने येतात, मधले सगळे गेट-हिस्टॉरिकल-एक्स आणि वाय या आज्ञांनी उचलावे लागतात, नाहीतर गोल रेघ कोपरे पडल्यासारखी दिसते. टेकलंय ते बोट की पेन, हे टूल-टाइपवरून तपासा. आणि जे काढलं ते कशावर काढलं, त्याचं माप फाइलीत लिहून ठेवा. आम्ही ते लिहिलं नव्हतं.

गेल्या काही वर्षांत त्या सातांपैकी तीन परत आले. पुण्याकडच्या कंपनीने लातूरची सेवा बंद केली होती. तिघांनी सीड्या आणल्या, त्यांत हजारो जेपेग. एकाने विचारलं, "यातल्या रेघा परत वेगळ्या करता येतील का?" मी चित्र मोठं करून दाखवलं, तांबडं आणि निळं एकमेकांत मिसळलेलं. नाही येत, म्हणालो. त्यांचे जुने फोटो तसेच खाली ठेवले आणि वर पारदर्शक पान घातलं. त्यांच्या पेशंटांच्या रेघा त्या दिवसापासून सुरू होतात. आमच्या डॉक्टरांच्या २००५ पासून आहेत.