आजीच्या सोन्याच्या विटा

आजी सांगायची, "आभाळातून सोन्याच्या विटा पडल्या होत्या गं." ती तेव्हा नऊ वर्षांची, मुंबईत डोंगरीच्या चाळीत राहायची. घरात सगळे हसायचे. ती गेल्यावर आई म्हणाली, "खरं काय ते एकदा बघ ना नेटवर."

मी आधी सरळ प्रश्नच टाकला : मुंबईत सोन्याच्या विटा आकाशातून कधी पडल्या? उत्तरात आले आजचे सोन्याचे भाव. चूक माझीच होती. मी आजीच्या शब्दांत शोधत होते, आणि ज्याने ही माहिती लिहून ठेवली असेल तो 'आकाशातून' असं कशाला लिहील? तो जहाजाचं नाव लिहील, गोदीचं लिहील, तारीख लिहील.

आजीच्या लहानपणी गोदीत मोठा स्फोट झाला होता, एवढं ऐकून होते. मग 'मुंबई गोदी स्फोट' टाकलं. 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज. पण त्रोटकच. इंग्रजीत जहाजाचं नाव टाकलं तर 'फोर्ट' धरून आपल्या मुंबईच्या फोर्ट भागातली हॉटेलं आली! दोन्ही शब्द एकत्र अवतरणचिन्हांत घातले, तेव्हा कुठे नेमकं जहाजच समोर आलं. शहराचं नावही 'बॉम्बे' असं लिहिलं, कारण 'मुंबई' हे इंग्रजीतलं अधिकृत नाव 1995 नंतरचं. जुन्या कागदांत ते सापडणार कसं? हॉटेलं तरीही डोकावलीच, तर 'हॉटेल' हा शब्दही टाकून त्याआधी वजाचं चिन्ह लावायचं, मध्ये जागा न सोडता.

शेवटी जहाजाच्या नावापुढे फक्त 'गोल्ड' हा इंग्रजी शब्द जोडला. आणि मिळालं. कापसाच्या गासड्या, सुमारे 1400 टन दारूगोळा, आणि त्याच जहाजात सोन्याच्या विटा. चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. एक वीट जवळजवळ मैलभर लांब एका पारशी गृहस्थांच्या घरात जाऊन पडली होती.

आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "विटेचं परत वाच."