१०२४ बाइटचा प्रोग्राम

कापूस वेचणी चालू आहे, दिवसा वावरात आन रात्री लाइट टिकली तर जुन्या पीसीवर, असं चाललंय राजेहो. सध्या विंडोजचा छोटा प्रोग्राम असेंब्लीत (प्रोसेसरला थेट सूचना द्यायची भाषा) लिहून राह्यलो, फॅसममध्ये (असेंब्लीची चालणारी फाइल बनवून देणारा प्रोग्राम). नुसता मेसेजबॉक्स (संदेशाची छोटी खिडकी) दाखवायचा, पण फाइल २०४८ बाइटच्या खाली येतच नव्हती. कारण असं की एक्सई फाइलमधला (विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामची फाइल) प्रत्येक सेक्शन, म्हणजे कप्पा, डिस्कवर ५१२ च्या पटीत बसवतात, म्हणजे कोड ४० बाइटचा असला तरी पोतं अख्खं ५१२ चंच, वरून हेडरचे (फाइलच्या सुरुवातीची माहिती) ५१२ वेगळे. मग मी वेगवेगळ्या सेक्शनमधले कोड, डेटा आन इम्पोर्ट टेबल (विंडोजकडून कोणती फंक्शन घ्यायची त्याची यादी) तिन्ही एकाच सेक्शनमध्ये कोंबले, त्याला वाचायची, लिहायची, चालवायची परवानगी दिली आणि फाइल सरळ १०२४ वर! बाबांना उठवून दाखवलं त्या रात्री.

मोठ्या प्रोग्रामात बचत एकेका इन्स्ट्रक्शनमध्ये होते. ३२ बिटात ईएएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधली आकडा ठेवायची छोटी जागा) शून्य टाकायला मूव्ह (आकडा टाकायची सूचना) वापरलं तर ५ बाइट, तेच रजिस्टर स्वतःशीच एक्सऑर केलं (सारखे बिट शून्य करणारी सूचना) तर २ (फ्लॅग, म्हणजे निकालाच्या खुणा ठेवणारे बिट, बदलतात, तेवढं ध्यानात ठेवा). जड काम तसंही विंडोजमधल्या डीएलएल (तयार कोडच्या सामायिक फाइली) करतात.

आता वेचणीच्या मजुरीचा हिशोब ४ केबीत बसवतोय.