आकड्याच्या आधीचा बिने

भाच्याच्या बुद्धिमापन चाचणीचा अहवाल ताईने मला दाखवला तेव्हा तिचे बोट ८४ या आकड्यावरून हलत नव्हते. तो आकडा कुठून येतो, हे तिला समजावून सांगताना मला पॅरिसपर्यंत मागे जावे लागले.

१९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने, नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुले कशी ओळखावीत यासाठी समिती नेमली. तिच्यातील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी आपले सहकारी तेओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये तीस कसोट्यांची चढत्या अवघडपणाची मालिका तयार केली. पेटत्या काडीमागे मुलाची नजर फिरते का, चॉकलेटचा तुकडा आणि तेवढाच लाकडाचा तुकडा यांतला फरक त्याला कळतो का, ऐकलेले अंक तो क्रमाने म्हणू शकतो का, अशा त्या साध्या कसोट्या होत्या. मुलाला मदत मिळावी, एवढाच हेतू! बुद्धी कायमची ठरलेली असते, हे बिने यांना मुळीच मान्य नव्हते.

मूल ज्या वयाच्या सर्वसाधारण मुलाइतक्या कसोट्या सोडवते, ते त्याचे मानसिक वय. या मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली, आणि १९१६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी शंभराने गुणलेला बुद्ध्यंक रूढ केला. पुढे धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी बेतली, हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण परक्या भाषेतला प्रश्न बुद्धीआधी भाषाच मोजतो.

भाच्याची चाचणी इंग्रजीतून झाली होती. आता ती मराठीतून पुन्हा घ्यावी, असे मी ताईला सुचवले आहे.