पानगळी झाडांखालचे वसंतकंद: माझा अनुभव

बागेत पानगळी झाडांखालचा एक पट्टा मोकळाच होता. उन्हाळ्यात तिथे गच्च सावली, पण झाडांना पालवी फुटण्याआधी काही आठवडे जमिनीवर छान ऊन पडतं. जंगलातले वसंतकंद याच उन्हावर जगतात. तेवढ्यात फुलतात, बी धरतात, पुढच्या वर्षाचं अन्न कंदात साठवतात आणि जमिनीवरून दिसेनासे होतात. म्हणून मी स्नोड्रॉप, एरिथ्रोनियम आणि वुड अ‍ॅनिमोन निवडले.

सगळ्यात जास्त जपावं लागलं ते एरिथ्रोनियमला. त्याचा कंद लांबट, पांढरा, एखाद्या सुळ्यासारखा. कांद्याला असतं तसं कोरडं साल त्याला नसतं, त्यामुळे उघडा राहिला की सुकतो. ओलसर भुश्यात बांधलेले कंद घेतले, दाबून टणक आहेत ना ते पाहिलं आणि आणल्या दिवशीच, शरदात, टोक वर ठेवून १० ते १२ सेंमी खोल लावले. झाडाची मुळं तोडायची नाहीत, म्हणून मुळांच्या मधल्या फटींत खुरप्याने जागा केली आणि कुजलेला पालापाचोळा भरला. अ‍ॅनिमोनच्या गाठी दिसायला वाळक्या काड्या! रात्रभर भिजवल्यावर फुगल्या. त्यांची वरची बाजू कळत नाही, तेव्हा आडव्याच ठेवून ५ सेंमी माती टाकली.

स्नोड्रॉपचे सुके कंद बरेचदा उगवत नाहीत. ते फुलं ओसरल्यावर हिरव्या पानांसकट आणले. पानांचा बुडाशी फिकट राहिलेला भाग मातीआड जाईल, इतकंच खोल लावायचं.

पहिल्या वसंतात एरिथ्रोनियमच्या बऱ्याच कंदांना एकेकच ठिपकेदार पान आलं. एक पान म्हणजे कंद अजून फुलण्याजोगा झालेला नाही. पानं पिवळी पडेपर्यंत कात्री लावली नाही, कारण कंद भरतो तो त्यांच्याच जोरावर. नंतर पट्टा रिकामा दिसतो आणि तिथे चुकून कुदळ पडू शकते, म्हणून काड्या रोवून जागा राखल्या. पुढच्या वसंतात दोन-दोन पानं आली आणि मधून खाली झुकलेली फुलं. ऊन चढलं की त्यांच्या पाकळ्या मागे वळतात. ते बघायला मी काम टाकून तिथे बसते.

स्नोड्रॉपची रोपं आता मूळ झुबक्यापासून लांबही उगवतात. बियांना चिकटलेल्या स्निग्ध भागासाठी मुंग्या त्या ओढून नेतात. झुबके दाटले की फुलं संपताच फोडून पुन्हा लावेन. एरिथ्रोनियमला मात्र हलवलेलं मानवत नाही, ते आहेत तिथेच राहतील.