नट-बोल्टातल्या नटाची अंगठी गंजली त्याची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात मी एक शहाणपणा केला. गोव्यात वेर्ण्याला ओळखीच्या वर्कशॉपात टेबलावर एक जाडजूड षटकोनी नट पडला होता, तो मला इतका आवडला की तिथल्या टर्नरकाकांकडून आतले आटे काढून बोअर करून घेतला, वरून बफ मारलं आणि सरळ बोटात घातला. आठ दिवस मस्त दिसला. मग रोजची बेतीची फेरीबोट, खारं वारं, जुलैचा पाऊस, आणि बोटाला तपकिरी कडं. आई म्हणाली, "धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ये."

काका हसले. म्हणाले, एमएस आहे तो, म्हणजे साधं पोलाद, गंजणारच, समुद्राजवळ ३१६ स्टेनलेस घ्यायचं, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो म्हणून ते मिठाला दाद देत नाही. पण त्यात निकेलही असतं, आणि मला आता ताईसाठी कानातली करायची होती, तिचे कान निकेलला लगेच चिघळतात. म्हणून मग टायटॅनियम.

हा धातू हातात घेतला की आधी फसल्यासारखं वाटतं, एवढा हलका. सोन्याची घनता १९.३, याची ४.५, म्हणजे त्याच मापाचं कानातलं पावपटीहून कमी वजनाचं. आमच्या आजीच्या कानाची भोकं सोन्याच्या वजनानं ओघळून फाटायला आली होती, ते आठवलं. पण आमच्या शेटनी, म्हणजे सोनारानं, टायटॅनियमचा पत्रा बघूनच हात जोडले. त्यावर ऑक्साइडचा थर लगेच धरतो, त्यामुळे नेहमीचा डाख बसतच नाही. जोडायचं तर रिव्हेट मारायचा, म्हणजे भोकातून बारीक खीळ घालून तिची टोकं ठोकायची. मला ते उलट आवडलं, जोड लपवायचा कशाला, दिसू दे की.

रंग मात्र घरी केला. काचेच्या वाटीत पाणी, चमचाभर खायचा सोडा, ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, प्लसला कानातलं आणि मायनसला स्टीलचा चमचा (दोघांना एकमेकांना चिकटू द्यायचं नाही, रबरी ग्लोव्ह्ज घालायचे). बुडबुडे येतात आणि दोन-चार सेकंदांत राखाडी पत्रा आधी तांबूस, मग जांभळा आणि मग निळा!! यात रंग कुठलाच टाकलेला नसतो, वरचा पारदर्शक थर जाड होत जातो तसा उजेड वेगळा परततो, मांडवी नदीत बार्जचं डिझेल सांडलं की पाण्यावर दिसतं ना तसंच. जितके व्होल्ट तितका थर. तोटा एकच, ओरखडा पडला की रंग गेला.

कारखान्यातल्या धातूचे दागिने घालणं हे काही आजचं फॅड नाही. पॅरिसची डिझायनर शार्लोट पेरियाँ १९२७ च्या सुमाराला क्रोमच्या गोळ्यांची माळ गळ्यात घालून फिरायची, बेअरिंगच्या छऱ्यांची वाटावी अशी. आणि १८१३ मध्ये नेपोलियनशी लढायला प्रशियातल्या बायकांनी सोनं देऊन लोखंडाचे दागिने घेतले. हे आईला सांगितलं तर म्हणे, "खुळ्या होत्या."

चवथीला ताईनं ती निळी कानातली घातली. आरती झाल्यावर आईनं तिचा कान धरून जवळून बघितलं, रिव्हेटवर नख फिरवलं, आणि मला हळूच विचारलं, "सोनेरी नाही का गो होत?"

होतो. त्याला सहा बॅटऱ्या लागतात. कालच आणखी तीन आणल्या.