झोप लागल्यानंतरची वीस मिनिटे

बेळगावातील एका रुग्णालयाच्या एमआरआय विभागात मी तंत्रज्ञ म्हणून काम करतो. खानापूर, चिकोडी, निपाणी, हुक्केरी या तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या चंदगडातूनही रुग्ण येतात. त्यांतले बहुतेक कंबर, मान आणि गुडघ्याचे. त्यांना ‘हलू नका’ एवढे मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगितले की काम भागते. तान्ह्या बाळाचा कागद टेबलावर आला, की मात्र दिवसाची सगळी मांडणी त्या बाळाच्या झोपेभोवती करावी लागते.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एक बाळ आले. ते एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेले होते. जन्माला दोन महिने उलटून गेले होते, पण दिवस भरण्याच्या तारखेपासून मोजले तर ते नुकतेच जन्मलेले म्हणायचे. अतिदक्षता विभागात असताना टाळूवरून सोनोग्राफी झालेली होती. तरीही मेंदूतील पोकळ्यांच्या कडेच्या श्वेतद्रव्याला, म्हणजे मज्जातंतूंच्या जुड्यांना, इजा झालेली नाही ना, हे नीट पाहण्यासाठी नवजात शिशूंच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला होता. बाळांना अशा वेळी गुंगीसाठी ट्रायक्लोफॉसचे औषध पाजण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे. परंतु अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास गुंगीत मध्येच थांबण्याची भीती असते, म्हणून ‘आधी नैसर्गिक झोपेत प्रयत्न करावा’ असे डॉक्टरांनी कागदावर स्पष्ट लिहिले होते. माझे मतही तेच आहे. यंत्राला घाई असते म्हणून बाळाला औषध द्यावे, हे मला पटत नाही.

त्याच तपासणीत आमच्या विभागातील एका पदव्युत्तर विद्यार्थिनीला तिच्या प्रबंधासाठी आणखी काही मिनिटांचे चित्रण हवे होते. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्ताचा ओघ वाढतो, त्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलते आणि त्या बदलाचा संकेत चुंबकीय चित्रात उमटतो. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी हे तत्त्व मांडले आणि पुढे त्यावरच कार्यात्मक एमआरआय उभा राहिला. संमतिपत्र तिने कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत तयार ठेवले होते. आईने मराठी प्रत घेतली, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि विचारले, “पण मॅडम, बाळ तर झोपलेलं असणार. झोपलेल्या डोक्यात काम कसलं बघणार?” विद्यार्थिनी हुबळीची, तिचे मराठी बेताचेच, तरी तिने नेटाने समजावले, की झोपेतही मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी मेळ राखून चालत असतात आणि २००७ पासून अशी जाळी तान्ह्या मुलांतही दिसून आलेली आहेत. आईने सही केली. उत्तर पूर्ण पटले असावे असे तिच्या चेहऱ्यावर दिसले नाही.

बाळाला आत नेण्याआधी त्याच्या अंगावरची प्रत्येक वस्तू तपासावी लागते. आमचे यंत्र दीड टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट ताकदीचे. चांदीचे वाळे निघाले, झबल्याची पिन निघाली. कमरेच्या काळ्या दोऱ्यातला ताईत काढण्यावरून मात्र आजी अडून बसल्या. दोरा राहू द्या, धातूचा ताईत तेवढा तुमच्या मुठीत धरून बाहेर बसा, असे ठरल्यावर त्या राजी झाल्या. मग आईने बाळाला पोटभर पाजले, परिचारिकेने कानांत मऊ बोळे घालून वरून आवरण बसवले, दुपट्यात घट्ट गुंडाळले, पायाला प्राणवायू मोजणारी पट्टी लावली आणि थोड्याच वेळात खूण केली, “कूस मलगैत्रि”, बाळ झोपलंय.

मी सुरुवात केली. पहिल्या चित्रमालिकेतच कवटीच्या कडांना सावल्या आल्या. दुसऱ्यांदा घेतली, तरी तेच. खिडकीतून पाहिले तर बाळ गाढ झोपल्यासारखे दिसत होते, पण ओठ चुटपुटत होते, पापण्यांखाली बुबुळे फिरत होती आणि दुपट्याच्या आत हातपाय मध्येच झटका खात होते. एकदा तर ते छान हसले. दाराशी उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, “सटवाई खेळवतीया तेला. आता न्हाई ते गप ऱ्हायाचं.”

आजींचे निरीक्षण बरोबर होते. मोठी माणसे शांत झोपेतून स्वप्नांच्या झोपेकडे जातात. नवजात बाळाचे उलटे असते. त्याची झोप बहुधा सक्रिय, म्हणजे अशा हालचालींच्या, झोपेनेच सुरू होते, एकूण झोपेचा जवळजवळ निम्मा भाग ती व्यापते, आणि पन्नास-साठ मिनिटांच्या चक्रात तिच्यानंतर शांत झोप येते. डोळे मिटले की यंत्र चालू करणारा तंत्रज्ञ त्यामुळे नेमका हलत्या झोपेत सापडतो. बाहेर रुग्णांची रांग वाढत होती. एका गृहस्थांनी तर दार ठोठावून आपला नंबर विचारला. गुंगीचे औषध मागवावे की थांबावे, हा निर्णय तेवढ्यात घ्यायचा होता.

तेव्हा विद्यार्थिनीने एक वेगळीच विनंती केली. डॉक्टरांना हवी असलेली मेंदूच्या रचनेची चित्रे आता खराबच येणार आहेत, तर या हलण्याच्या काळातच तिचे कार्यात्मक चित्रण करावे. मी तिला आठवण करून दिली, की डोके अर्धा मिलिमीटर हलले तरी त्या क्षणाचे चित्र विश्लेषणातून काढून टाकावे लागते आणि यातून तिच्या हाती फारसे काही उरणार नाही. ते तिला ठाऊक होते. तिचे म्हणणे असे, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मेंदूलहरींच्या नोंदींत हात किंवा पाय आपोआप हलला की पाठोपाठ मेंदूच्या त्याच अवयवाच्या भागात लहरींचा झोत उठताना दिसतो. हात कुठे आहे, पाय कुठे आहे, याची ओळख मेंदूला या झटक्यांतून होत असावी. म्हणजे आम्ही बिघाड म्हणून ज्या हालचाली टाकून देतो, त्याच बाळाच्या झोपेतले खरे काम असू शकतात. इतक्या वर्षांत मी त्या झटक्यांकडे केवळ अडथळा म्हणूनच पाहिले होते.

यंत्र चालू केले. लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ‘डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट’मध्ये शेकडो नवजात बाळांचे चित्रण गुंगीविना केले, तेव्हा बाळ दचकू नये म्हणून आवाज हळूहळू चढवण्याची सोय यंत्रातच करून घेतली होती. आमच्याकडे तशी सोय नाही. माझा अनुभव असा, की सलग आवाजाने बाळ सहसा उठत नाही, दोन मालिकांमधल्या अचानक शांततेने उठते. म्हणून पुढची मालिका आधीच लावून ठेवून मी मधली फट शक्य तितकी कमी ठेवतो. परिचारिका आत उभी राहून हालचाल दिसताच हात वर करत होती आणि विद्यार्थिनी घड्याळ पाहून वेळ टिपत होती.

ते चित्रण संपता संपता बाळाचा श्वास संथ आणि एकसारखा झाला, पापण्या स्थिर झाल्या. आता रचनेची चित्रे मी पुन्हा घेतली आणि ती स्वच्छ आली. पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणारी मालिका सर्वांत कर्कश. तिच्या पहिल्या ठोक्याला बाळ दुपट्यातल्या दुपट्यात दचकले, पण उठले नाही.

नवजात मेंदूच्या चित्रात करड्या आणि श्वेत भागांची उजळ-गडद छटा मोठ्यांच्या नेमकी उलट असते, कारण मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण अजून चढायचे असते. दिवस भरण्याच्या सुमारास ते आवरण दिसायला लागते अशा मोजक्या जागांपैकी एक म्हणजे हातापायांच्या हालचालींचे तंतू जिथून उतरतात तो पट्टा. या बाळाच्या चित्रात तो दोन्ही बाजूंना उजळ होता. पोकळ्यांच्या कडेलाही इजा दिसली नाही, असे रेडिओलॉजिस्टांनी अहवालात लिहिले. बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवण्यासाठी डॉक्टरांनी पुढच्या भेटीच्या तारखा दिल्या. एका स्वच्छ चित्रावर भिस्त ठेवून चालत नाही, हे त्यांनी आईला बजावून सांगितले.

विद्यार्थिनीच्या हलत्या झोपेतल्या चित्रांपैकी बरीचशी अपेक्षेप्रमाणे गाळावी लागली. उरलेल्यांवरून काही सिद्ध करण्याची घाई तिने केली नाही, हे मला आवडले. आमच्या नोंदवहीत आता बाळांसाठी एक जादा रकाना आहे: कोणती मालिका कोणत्या झोपेत घेतली. आणि बाळाचे डोळे मिटल्यावर साधारण वीस मिनिटे यंत्राला हात लावायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. बाहेरच्या रांगेला ते कसे सांगायचे, हा प्रश्न रोज नव्याने पडतो.