पोर्तो रिको: किल्ले सोपे, फेरी अवघड (माझा अनुभव)

पोर्तो रिकोबद्दल कुठलीही माहिती वाचा, "सेईबाहून फेरी घ्या, तिकीट दोनेक डॉलर" एवढ्या ओळीत कुलेब्रा आणि व्हिएकेस ही दोन्ही बेटं उरकलेली असतात. अशा माहितीचा मला अजून राग येतो, कारण अख्ख्या सहलीचं वेळापत्रक त्या फेरीवरच, म्हणजे प्रवासी बोटीवरच, ठरतं.

आधी कागदपत्रं. पोर्तो रिको हा अमेरिकेचाच भाग. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधून जाणाऱ्यांसाठी हा देशांतर्गत प्रवास. त्यामुळे एच-१बीवाल्यांच्या (अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांच्या) पासपोर्टातला व्हिसा संपला असला, पण स्टेटस, म्हणजे राहण्याची परवानगी, चालू असलं, तर परतताना स्टॅम्पिंगचा, म्हणजे नवा व्हिसा शिक्का घेण्याचा, प्रश्न येत नाही. आपली बरीच मंडळी याच कारणासाठी कॅरिबियनमधलं हे बेट निवडतात. मूळ पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा अर्ज मंजुरीचं पत्र) आणि आय-९४ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत मात्र जवळ ठेवा. विमान दुसऱ्या देशातून, म्हणजे सांतो दोमिंगो वगैरेवरून, जाणारं नको. तसं झालं की प्रवास देशांतर्गत राहत नाही.

आता सेईबा, मुख्य बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव. जुन्या लेखांत फेरी फाहार्दोहून सुटते असं लिहिलेलं असतं. ते विसरा, २०१८ पासून ती सेईबाच्या जुन्या नौदल तळावरून सुटते. राजधानी सॅन हुआनहून गाडीने सव्वा ते दीड तास धरा. तिकिटं ऑनलाइन मिळतात, पण सगळ्या तारखा एकदम खुल्या होत नाहीत, टप्प्याटप्प्याने होतात. खिडकीवर पर्यटकाच्या वाट्याला येतं ते उरलेलं, कारण बेटावरच्या रहिवाशांना प्राधान्य आहे. त्यांची रांग वेगळी असते आणि ती आधी आत जाते. पहाटे जाऊन उभं राहिलं तरी शनिवारी सकाळच्या बोटीत जागा मिळेलच असं नाही. बोट बिघडली किंवा समुद्र खवळला की फेरी रद्द होते आणि तिचे प्रवासी पुढच्या फेरीच्या रांगेत येतात.

तिथे ताटकळताना जीव वैतागतो, हे खरं. पण नियम योग्यच आहे, असं माझं ठाम मत आहे. रहिवाशांच्या रांगेत नीट पाहा: तांदळाची पोती, औषधांच्या पिशव्या, म्हातारी माणसं. २०१७ च्या मारिया वादळात व्हिएकेसचं रुग्णालय निकामी झालं, तेव्हापासून डायलिसिससाठीसुद्धा लोकांना पाणी ओलांडावं लागलं. आपल्यासाठी जी सहल, ती त्यांची एस.टी. आहे.

म्हणून आखणी उलटी करा. आधी परतीचं तिकीट शोधा, मग जाण्याचं. कुलेब्राहून रविवारी दुपारनंतर परतणं सगळ्यांत कठीण, कारण शनिवार-रविवार तंबू टाकायला आलेली गर्दी त्याच वेळी उलटते. शक्यतो मंगळवार-बुधवार गाठा. दोन्ही तिकिटं हातात आल्यावरच बेटावरचं हॉटेल घ्या. भाड्याची गाडी फेरीवर चढवता येत नाही. ती सेईबाच्या वाहनतळावर पैसे भरून सोडायची. बेटावर जीप किंवा गोल्फ कार्ट लागते आणि हंगामात ती आधी ठरवलेली नसेल तर मिळत नाही. कुलेब्राच्या धक्क्यावरून फ्लामेन्को किनाऱ्यापर्यंत मात्र व्हॅन मिळतात. व्हिएकेस अर्ध्या तासावर, कुलेब्रा पाऊण तासावर. हिवाळ्यात कुलेब्राच्या वाटेवर बोट चांगलीच हलते, उलटीची गोळी निघण्याआधी घ्या.

तिकीट नाहीच मिळालं तर सेईबाच्याच छोट्या विमानतळावरून लहान विमानं जातात, दहा-पंधरा मिनिटांत पोहोचवतात. महाग पडतं, सामान मोजकंच चालतं आणि तुमचं वजनही विचारतात. खरं सांगा, त्यावरून कोण कुठे बसणार ते ठरतं.

व्हिएकेसला जायचं ते मॉस्किटो बे या खाडीसाठी. पाण्यातले सूक्ष्म जीव (पायरोडिनियम बहामेन्से) पाणी हलवलं की निळसर चमकतात. वल्हं मारलं की त्याच्या कडेने रेघ उमटते, हात फिरवला की बोटांवरून ठिणग्या ओघळतात. खारफुटीची कुजणारी पानं त्यांचं पोषण करतात आणि खाडीचं तोंड अरुंद असल्याने ते बाहेर वाहून जात नाहीत. पोहायला बंदी आहे. अंगाला सनस्क्रीन, डासांचं मलम लावून जाऊ नका, ते या जीवांना मारक ठरतं. तारीख ठरवायला कालनिर्णय पुरे: वद्य षष्ठी ते अमावास्या उत्तम, कारण चंद्र उशिरा उगवतो. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर पैसे देऊन काळं पाणी बघाल. म्हणजे खरा क्रम असा: आधी तिथी, मग फेरी, मग हॉटेल आणि शेवटी सॅन हुआनचं विमान.

कुलेब्राच्या फ्लामेन्कोवर वाळूत गंजलेले, रंगवलेले दोन रणगाडे दिसतात. अमेरिकी नौदल या बेटावर तोफमाऱ्याचा सराव करायचं. लोकांनी लढून १९७५ मध्ये तो थांबवला, व्हिएकेसवरचा २००३ मध्ये. कुंपणापलीकडे धोक्याची पाटी असेल तिथे पाऊल टाकू नका, न फुटलेला दारूगोळा अजून सापडतो.

सॅन हुआनच्या किल्ल्यांना काहीच त्रास नाही. १० डॉलरच्या एका तिकिटात एल मोरो आणि सॅन क्रिस्तोबाल दोन्ही, २४ तासांत, पैसे कार्डाने. एल मोरोचं काम १५३९ मध्ये सुरू झालं. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेकला त्याने समुद्रावरच रोखलं, पण १५९८ मध्ये इंग्रज जमिनीकडून आले आणि किल्ला पडला. त्या बाजूला पुढे सॅन क्रिस्तोबाल का उभा राहिला, ते या क्रमाने पाहिलं की कळतं. म्हणून आधी एल मोरो, सकाळी, कारण समोरच्या मोकळ्या हिरवळीवर सावली अजिबात नाही.

आणि एक राहिलं: परतताना सॅन हुआन विमानतळावर चेक-इनच्या आधी कृषी विभागाच्या यंत्रातून सगळं सामान जातं. आंबे ठेवून घेतात. या रांगेसाठी अर्धा तास जास्तीचा धरा.